आजी-आजोबा गायब झाले, तेच खरं नुकसान

कोरोनाकाळात मिठ्या आणि लग्नाची गर्दी टाळून टीव्ही मालिकांनी फोनवरच्या संवादांवर भागवलं, त्यामुळे भावना पातळ झाल्या, असं मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. मला हे पटत नाही. आमच्याकडे यवतमाळच्या खेड्यात त्या वर्षी लेकी माहेरी येऊ शकल्या नाहीत, बोलणं फोनवरच होत होतं. पडद्यावरची आई फोन ठेवून डोळ्यांना पदर लावायची, तेव्हा आमच्या घरातही कुणी बोलत नसे.

खरं खटकलं ते वेगळंच. शूटिंग पुन्हा सुरू झालं तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी होती. कथेतली म्हातारी माणसं अचानक गावी पाठवली गेली. सासूबाई रोज विचारायच्या, "बुढी कुठी गेली वं?" ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली, फार बरं झालं. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा शूटिंग थांबलं आणि काही मालिका गोव्याला गेल्या. तेव्हा कथेत सहलीची कारणं घुसडण्यापेक्षा घराघरातली काळजी दाखवायला हवी होती. गावात ऑक्सिजनच्या बेडसाठी जिल्ह्यापर्यंत धावपळ चालली होती, ती एकाही भागात मला दिसली नाही.