फुटबॉलपटूला दुसरंही काही आवडू द्या

जुलै 2025 मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या मुख्य फुटबॉल स्पर्धेचा हंगाम लांबणीवर पडला, ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले आणि आमच्या घरातला खेळ की शिक्षण हा जुना वाद पुन्हा पेटला. बेळगावच्या टिळकवाडीहून ताई फोनवर म्हणाली, "बघितलास काय? छेत्रीच्या क्लबाची ही गत, मग आमच्या पोराचं काय व्हायचं?" भाचा पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीच्या टप्प्यात. संध्याकाळी साडेपाचला लेले मैदान आणि साडेपाचलाच फिजिक्सची ट्यूशन. भाऊजी म्हणतात, सीईटी होईपर्यंत बूट माळ्यावर. प्रशिक्षक म्हणतात, मन दोन्हीकडे असेल तर येऊच नको.

मला दोघांचंही पटत नाही. मी मँचेस्टरला राहतो. इथे व्हिन्सेंट कॉम्पनीने मँचेस्टर सिटीचं कर्णधारपद सांभाळत एमबीए पुरं केलं. प्रबंधाचा विषयही खेळातलाच घेतला: घरच्या मैदानाचा क्लबांना फायदा कसा करून घेता येईल. नादिया नदीम तर त्याहून मोठी. जन्म अफगाणिस्तानातल्या हेरातचा. वडिलांना तालिबानने मारलं, आई मुलींना घेऊन डेन्मार्कला आली. ती डेन्मार्ककडून खेळली, इथे सिटीकडून खेळली, 2021 मध्ये पॅरिसच्या संघाबरोबर फ्रेंच लीग जिंकली आणि 2022 मध्ये डॉक्टर झाली. तिचं मन खेळात नव्हतं असं कोण म्हणेल?

इकडचं सगळंच गोड आहे असं मात्र नाही. इंग्लंडच्या अकादम्यांतली बहुतेक मुलं व्यावसायिक करारापर्यंत पोचतच नाहीत, आणि लहान वयात 'तू नकोस' हे ऐकणं फार क्रूर असतं. म्हणूनच सोळा ते अठरा वयाच्या शिकाऊ खेळाडूंना सरावाच्या जोडीने शिक्षणही घ्यावं लागतं. वेळापत्रक क्लबच बसवतो, पोराच्या आईला त्यासाठी कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. मला हेवा वाटतो तो याचा.

आणि हे काही परदेशी खूळ नव्हे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार असलेले तालिमेरेन आओ तेव्हा कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि मोहन बागानकडून खेळत होते. पुढे नागालँडला परतून त्यांनी आयुष्यभर आरोग्यसेवेत काम केलं. लांब कशाला, बेळगावातच मराठा लाइट इन्फंट्रीच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत कुस्तीच्या पोरांना आखाडा आणि शाळा दोन्ही मिळतं. पैलवानाला जमतं ते फुटबॉलवाल्याला का जमू नये?

अडचण पोरांच्या निष्ठेची नाही, मोठ्यांच्या हटवादीपणाची आहे. क्रीडा कोट्यातून प्रवेश द्यायचा, कॉलेजचं नाव पेपरात झळकलं की फोटो काढायचा, आणि स्पर्धेला गेलेल्या पोराची हजेरी कापायची, हे मी बेळगावात शिकत असताना डोळ्यांनी पाहिलंय. स्पर्धेचे दिवस हजेरीत धरा, चुकलेली चाचणी नंतर घ्या. प्रशिक्षकांनीही परीक्षेच्या महिन्यात सराव पहाटे ठेवावा आणि त्या काळात कमी आलेल्या पोराला संघातून काढू नये. ट्यूशनच्या सरांना सकाळची बॅच मागायला ताई तयार आहे. प्रशिक्षकांशी मात्र भाऊजींनी स्वतः जाऊन बोलायला हवं.