दोन स्टारवाल्या भाऊंना, दर्यापूरहून

नमस्कार भाऊ. मी नेलेल्या अंदमान सहलीला तुम्ही दोन स्टार दिले आणि त्यातला एक समुद्राचा म्हणून लिहिलं, म्हणजे माझ्या वाट्याला एकच आला. तुमचं म्हणणं असं: अंदमानात पहाटे चारला उठवलं, पाच दिवस भातच भात, नील बेटावरचा नैसर्गिक दगडी पूल पाण्यात होता, आणि प्रायव्हेट बोटीचे पैसे घेऊन सरकारी बोटीत बसवलं.

बोटीचं आधी घेतो, कारण तिथं चूक माझी आहे. बोट ऐनवेळी रद्द झाली यात माझा हात नव्हता, पण तिकिटातला फरक जेट्टीवरच मोजून द्यायला पाहिजे होता. घरी गेल्यावर हिशोब करू म्हटलं, इकडे आलो तर कापूस वेचणी सुरू, आणि राहून गेलं. सहाही जणांचे पैसे आज पाठवले, खातं बघून घ्या.

पहाटेचं मात्र कबूल नाही. अंदमान आपल्या दर्यापूरपासून पंधरा रेखांश पूर्वेला, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणून तिथं सूर्य साधारण तासभर आधी उगवतो नि तसाच आधी बुडतो. नोव्हेंबरात पाच वाजता उजेड जायला लागतो, हे तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिलं. तिथं आठपर्यंत झोपणारा अर्धा दिवस घालवून बसतो.

आता तो पूल. तिथले बंगाली लोक त्याला गमतीनं हावडा ब्रिज म्हणतात. त्याच्याजवळ जायला ओहोटीच लागते, आणि ओहोटी रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते. मी वेळ छापून दिली तर दुसऱ्याच दिवशी खोटा पडतो. आपल्या दिवशी ती पहाटे होती, पुढची थेट अंधारात. चौघं उठले. ओल्या खडकांवरून तोल सांभाळत कमानीखाली गेले, खळग्यांत अडकलेले रंगीत मासे पाहिले, समुद्रकाकडी नावाचा जीव पाहून एकानं तर उडीच मारली. तुम्ही दोघं साडेनऊला आले, तोवर पाणी भरत आलं होतं. रात्री पत्ते किती वाजेपर्यंत चालले ते इथं लिहीत नाही.

भाताचं थोडं तुमचं, थोडं माझं. नीलवर वस्ती केली ती पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी. त्यांच्या चुलीवर भात, डाळ, भाजा म्हणजे तळलेली भाजी आणि मोहरी वाटून केलेला मासाच असणार, ज्वारीची भाकर कुठून येईल? मोहरीच्या तेलाचा वास नाकात बसतो, हे खरं. मलाही पहिल्या खेपेला बसला होता. पण बाजारातल्या त्या मावशीकडं सुरमईचा रस्सा तुम्ही तीनदा मागून घेतला, तोही भातावरच. तरी पत्रकावर ‘घरच्यासारखं जेवण’ छापलं होतं, ते छापायला नको होतं. ती ओळ काढली. पुढच्या खेपेला ठेचा आणि जवसाची चटणी डब्यात नेईन, भाकरीचं कबूल करत नाही.

अंघोळीचं पाणी खारट, असंही एका ओळीत लिहिलं आहे. भाऊ, आपण खारपाणपट्ट्यातले, आपल्या विहिरींचं पाणीही खारंच!

प्रवाळाचे तुकडे विमानतळावर काढून घेतले, त्याचा रागही माझ्यावर निघाला. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ‘किनाऱ्यावरचं काही उचलू नका’ हे मी जेट्टीवर दोनदा सांगितलं होतं. सामान तपासणारा सोडत नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली तुमची. स्कूटरचा दिवस. लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, सगळं रामायण एका दुपारी फिरलो. सुपारीच्या नि केळीच्या बागांमधून रस्ता, फोनला रेंज नाही, दोघं वाट चुकले आणि तरी समुद्रावरच पोचले, कारण त्या बेटावर चुकून चुकून जाल कुठं? शहाळ्याच्या गाडीपाशी सगळे पुन्हा भेटले तेव्हा सर्वांत मोठ्यानं हसत तुम्हीच होते. त्याचा एखादा स्टार मिळाला असता तर बरं वाटलं असतं, पण मागत नाही.

त्या दिवसाचे फोटो पेनड्राइव्हवर काढून ठेवले आहेत. बसस्टँडसमोर ऑफिस उघडं असतं, जाता-येता घेऊन जा. तुमची निळी टोपीही माझ्याकडंच आहे.