‘जुनाट विमान, बेफिकीर शाळा’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या विमान शिकवणाऱ्या शाळेला एक स्टार देऊन लिहिलंत की विमान जुनाट होतं, उतरताना टायर फुटला, मुलाला घाईने सोलोला (इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याच्या उड्डाणाला) पाठवलं आणि वर खापरही त्याच्याच माथी फोडलं. तो आपल्या पायांनी विमानातून उतरला, यापुढे बाकी सगळं दुय्यम आहे. तरी उत्तर देणं भाग आहे.

आधी टायर. तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून पाहा. टायर शाबूत आहे, मोडलाय तो त्याच्या वरचा फोर्क, म्हणजे चाक धरून ठेवणारा दांडा. विमान जुनं आहे, हे खरं. पण सेस्ना १७२ वयावर नाही, देखभालीवर उडते, आणि तिची तपासणी वेळेत झाली होती. नोंदवही येऊन बघा.

घडलं ते असं. फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरत येण्याच्या शेवटच्या टप्प्यात, वेग ६५ नॉटच्या (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) आसपास हवा, मुलाच्याच सांगण्यानुसार तो ७५ होता. दहाच नॉट जास्त, पण जिरवायची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. त्यात शेजारची सीट रिकामी, म्हणजे विमान हलकं. ते तरंगत राहिलं, टेकलं, उसळलं. घाबरून त्याने विमानाचं नाक खाली दाबलं (नवशिक्याचा हात तिकडेच जातो). दुसरी उसळी आणखी मोठी, आणि तिसऱ्यांदा नोजव्हीलच (नाकाखालचं चाक) आधी आपटलं. प्रोपेलरची टोकं मागे वळलीत, म्हणजे इंजिनला तेव्हा जोर नव्हता. पहिल्याच उसळीला पूर्ण पॉवर देऊन गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) करायला हवा होता.

तो का झाला नाही, हे शोधताना मात्र आमचीच चूक सापडली. सोलोआधी उसळीनंतरचा गो-अराउंड त्याच्याकडून दोनदाच करून घेतला होता, आणि दोन्ही वेळा इन्स्ट्रक्टर शेजारून ‘पॉवर!’ म्हणाला होता. हात मुलाचा, निर्णय इन्स्ट्रक्टरचा. तो निर्णय एकट्याने घ्यायची पहिली वेळ त्याच दिवशी आली. तेव्हा घाईचा तुमचा आरोप मान्य.

ऑफिसमधून तुम्हाला फोनवर ‘तुमच्या मुलाने विमान मोडलं’ असं सांगितलं गेलं, त्याबद्दल माफी मागतो. बोलणाऱ्याला समज दिली आहे.

आता इन्स्ट्रक्टर गप्प बसलेला असताना विद्यार्थ्याने स्वतःहून गो-अराउंड केल्याशिवाय सोलो मिळत नाही. प्रोपेलर आपटल्यामुळे इंजिन उघडून तपासायला दिलंय, त्यामुळे ते विमान इतक्यात उडणार नाही. मुलाला पुढे शिकायचं असेल तर दुसऱ्या विमानावर, शेजारच्या सीटवर मी स्वतः बसेन. नको असेल तर उरलेल्या तासांची फी परत करू.