तिसऱ्या पायरीवरचा मसूर

शनिवारी सकाळी ब्रेड आणायला म्हणून दार उघडलं आणि पाहतो तर पाटी परत माझ्याच दाराला! आदल्या संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने ती समोरच्या बिऱ्हाडाच्या मुठीला अडकवली होती आणि सुटलो बुवा म्हणत चहा टाकला होता. रात्रीतून पाटी चालत आली. पोस्टकार्डाएवढी लाकडी फळी, सुतळी ओवलेली, वर एकच शब्द: केरवोखे.

हा शब्द स्टुटगार्टमध्ये पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो मराठीच वाटला होता. केर म्हणजे आपला केरच, आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. जर्मन भाषेने माझ्यावर एकदाच दया केली, तीही हातात झाडू देताना.

प्रकार असा. ज्याच्या दाराला पाटी, त्याची झाडायची पाळी. केरवोखे दोन. धाकटीत आपल्या दारापुढची जागा आणि तिथून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना, समोरासमोरच्या बिऱ्हाडांनी आलटून पालटून. थोरली अख्ख्या इमारतीत फिरते: फुटपाथ, अंगण, कचऱ्याची पिंपं ठेवायची जागा, तळघराचा जिना. हिवाळ्यात थोरली आली की माणसाने नशिबाला दोष द्यावा. कारण सोमवार ते शुक्रवार सकाळी 7 च्या आत बर्फ बाजूला झालेला हवा, रविवारी फार तर 9. मीठ टाकून मोकळं व्हावं म्हटलं तर एरवी त्याला मनाई, झाडांची मुळं जळतात. म्हणून बारीक खडी पसरायची. आणि थंडी सरली की तीच खडी, आपणच, झाडून गोळा करायची.

माझा गुन्हा मात्र धाकटीतला. मी पहिल्या मजल्यावर राहतो, म्हणजे माझ्या वाटणीचा जिना थेट तळमजल्याच्या बाईंच्या दारात उतरतो. वय ऐंशीच्या आसपास, उंची माझ्या खांद्याइतकी, कान वटवाघळाचे.

मी पाटी हातात घेऊन खाली बघतो तोवर त्या वर बघतच होत्या. एका हातात केरभरणी, तीही नवी वाटावी इतकी स्वच्छ.

"ग्र्यूस गॉट," त्या म्हणाल्या. "तुमचा आठवडा अजून व्हायचाय."

"झाला की. गुरुवारी केला."

"मी ऐकलं नाही."

या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते कुठल्याही जर्मनच्या वर्गात शिकवत नाहीत. त्यात मी शिकलो ती जर्मन आणि बाई बोलतात ती श्वेबिश यांत पुस्तकी मराठी आणि अहिराणीइतकं अंतर. म्हणून दोनदा विचारून खात्री केली. हो, 'पाहिलं नाही' नव्हे, 'ऐकलं नाही' असंच होतं. बादली ठेवल्याचा आवाज नाही. झाडूचा दांडा कठड्याला लागल्याचा नाही. आणि वरून तिसरी पायरी, जी पाय पडला की करकरते, ती करकरलेली नाही.

"मी रात्री सव्वानऊला झाडलं, हळूच. कोणाला त्रास नको म्हणून."

"सात वाजून चाळीस मिनिटांनी तुमच्याकडे काहीतरी तडतडत होतं, ते मी ऐकलं."

ती मोहरी होती. बंद दारामागे, पंखा लावून केलेली दोन चमचे तेलाची फोडणी तळमजल्यावर नोंदली जाते, आणि सतरा पायऱ्या झाडून पुसल्या त्याची नोंद शून्य!

मी जरा आवाज चढवला. रात्रीची शांतता दहाला सुरू होते, मी नऊ पंचेचाळीसला संपवलं होतं, नियम मोडलेला नाही, वगैरे. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग केरभरणी माझ्यापुढे धरली. तिच्या मधोमध एक मसुराचा दाणा होता.

"हा तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात होता," त्या म्हणाल्या. "कठड्याच्या बाजूला. सोमवारपासून."

"सोमवारपासून तुम्हाला दिसत होता?"

"हो."

"मग उचलला का नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना माझे दात घासायला सांगितले. "आठवडा तुमचा होता."

श्वेबिशमध्ये वस्तू लाडात आली की तिच्या शेपटीला 'ले' लावतात. घराचं हॉइस्ले होतं, बादलीचं आइमरले. हा दाणाही त्यांनी 'लिन्स्ले' म्हणूनच पेश केला, पण आवाजात लाड औषधालाही नव्हता.

मी वकिली सुरू केली. मसूर हे स्वाबियाचं, म्हणजे या श्वेबिश मुलखाचं, राष्ट्रीय अन्न. श्पेट्झले नावाच्या शेवेसारख्या प्रकाराबरोबर, वर व्हिनेगर टाकून आणि शेजारी सॉसेजची जोडी ठेवून इथे घराघरांत खातात. तेव्हा हा दाणा कुणाचाही असू शकतो. तुमचासुद्धा.

बाईंनी दाणा बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरला. "आमच्या आल्ब डोंगरातला मसूर बारीक आणि काळपट असतो. अख्खा असतो. हा नारिंगी आहे. सोललेला आहे. अर्धा आहे."

यावर अपील नाही. सोमवारी पाच किलोची पिशवी वर नेताना कोपरा फाटला होता हे मला त्या क्षणी आठवलं, आणि चेहऱ्यावर ते दिसलंही असणार. मुळात ज्या मुलखाशी गाठ होती तोच लक्षात घ्यायला हवा होता. आल्बच्या डोंगराळ भागातली मसुराची शेती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बंद पडली, स्थानिक वाण नाहीसे झाले. ऐंशीच्या दशकात एका शेतकऱ्याने पुन्हा मसूर लावायला घेतला, पण जुनं बियाणं काही मिळेना. शोधता शोधता 2006 साली ते कुठे सापडलं, तर रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव बीजसंग्रहात. हरवलेला मसूर रशियातून हुडकून आणणाऱ्या लोकांपासून माझा अर्धा दाणा तिसऱ्या पायरीवर लपून राहावा ही अपेक्षाच भाबडी होती.

तरी माझ्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. स्टुटगार्टच्या ज्या 1492 सालच्या नगरनियमात या सगळ्याचं मूळ दाखवतात, तो काढला दाढीवाला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काउंट एबरहार्डने. त्यात म्हटलंय की प्रत्येकाने आपला उकिरडा दर आठवड्याला बाहेर न्यावा आणि कोपरे दर चौदा दिवसांनी साफ करावेत, पण फक्त रात्री! हे मी बाईंना ऐकवलं. दाढीवाल्याच्या हिशेबाने मीच बरोबर होतो.

"तेव्हा संडास नव्हते," बाई म्हणाल्या. आणि पत्ता संपला.

काउंटनंतर 1714 साली ड्यूक एबरहार्ड लुडविगने गल्ल्या साफ ठेवण्याचा आणखी एक हुकूम काढला, आणि तेव्हापासून हे लोक झाडतायत ते झाडतायत. शेवटी 1988 साली, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, शहराने फुटपाथ दर आठवड्याला झाडायची सक्ती काढली. गरजेप्रमाणे झाडा, असं ठरलं. पण गरज आहे की नाही हे कोण ठरवणार? तळमजला. शिवाय घराघरांच्या आतल्या जिन्यांना रोमेलसाहेबांनी हात लावला नव्हता. ते भाडेकरारात येतं. करारात किंवा त्याला जोडलेल्या घरनियमांत लिहिलं नसेल तर मालक भाडेकरूच्या हाती झाडू देऊ शकत नाही. त्याने सफाईला माणूस लावायचा आणि खर्च वर्षाच्या हिशेबात भाडेकरूंवर वाटायचा. आमच्या करारात लिहिलेलं आहे. सही करताना ती ओळ मी वाचली होती आणि 'किती गोड प्रथा' असं वाटलं होतं. माणूस घराच्या शोधात असला की त्याला काहीही गोड वाटतं.

एव्हाना बाई पायऱ्या चढून माझ्या दाराशी पोचल्या होत्या. "फडकं दाखवा," म्हणाल्या.

आता हे मात्र अति झालं. नवऱ्याने, बायकोने, सासूनेसुद्धा माणसाचं फरशीचं फडकं तपासायला मागू नये. पण मी दाखवलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. गुरुवारचं फडकं बादलीच्या काठावर होतं आणि दोन दिवसांनी अजूनही दमट होतं. बाईंनी ते उचललं, दोन्ही हातांनी पिळलं, आणि त्या वाळक्या मनगटांतून पाण्याची धार लागली ती थांबेचना. माझ्याच बादलीत, माझ्याच डोळ्यांदेखत.

"नेबेलफॉइष्ट," त्या म्हणाल्या.

नेबेल म्हणजे धुकं, फॉइष्ट म्हणजे दमट. धुक्याइतकं ओलं. ओलं आणि कोरडं या दोनच अवस्थांवर माझं आजवरचं आयुष्य निघालं होतं. जर्मनांनी मध्ये धुकं घातलं. फडकं इतकं पिळायचं की पुन्हा पिळल्यावर थेंब पडू नये, आणि लादीवरून फिरवल्यावर मागे राहिलेला ओलावा मिनिटाभरात उडून जावा. जिना जुन्या लाकडाचा असेल तर याला इलाज नाही. पाणी फटींत शिरतं, लाकूड फुगतं, पॉलिश ढगाळ होतं, आणि पायरीच्या मधोमध करडे ओघळ उमटतात ते जात नाहीत. माझ्या पायऱ्यांवर ते होते. मी त्यांना लाकडाची नक्षी समजत होतो.

मग बाईंनी शिकवणी घेतली. पायपुसणं आधी उचलायचं आणि बाहेर अंगणात झटकायचं, बाल्कनीतून नाही. त्याच्याखाली माती साठते आणि तपासणारे तिथेच बघतात. मग वरून खाली, कोरडा झाडू, मऊ केसांचा. कोपऱ्यांना हातकुंचा. कठडा, गज, खिडकीची कड. हे पुसण्याआधी करायचं, नाहीतर त्यांची धूळ पुसलेल्या पायरीवर येते. बादलीत तीन-चार लिटर कोमट पाणी, साबण टोपणभर. मी अर्धा कप घालत होतो. जास्त साबणाचा चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ दुप्पट बसते, म्हणजे जितकं मन लावून पुसाल तितका जिना लवकर मळतो. दगडी पायरीला व्हिनेगर लावायचं नाही, चुन्याचा दगड खातं ते. आणि मळकं पाणी रस्त्यावरच्या जाळीत कधीही ओतायचं नाही, ती पावसाच्या पाण्याची असू शकते. संडासात ओतायचं.

हे सगळं खरं आहे, उपयोगी आहे, आणि मला मान्य आहे. राग त्याचा नाही. राग त्यापुढच्या वाक्याचा आहे.

"तुमच्याकडे भारतात," पायऱ्या उतरता उतरता त्या थांबल्या, "जिना कोण झाडतं?"

"एक मावशी येतात."

"कुणाच्या मावशी?"

"कुणाच्या नाही. कामाला येतात. मावशी म्हणतो."

"रोज?"

"रोज."

"अख्खी इमारत? किती मजले?"

"सात."

"आणि पगार किती?"

मला आकडा माहीत नव्हता. पुण्यातल्या त्या इमारतीत मी अकरा वर्षं राहिलो. सोसायटीचा मेंटेनन्स किती, पार्किंगचा किती, लिफ्टच्या करारात किती गेले, सगळं पाठ होतं. मावशींचं नाव काय हेही मला सांगता आलं नसतं, पण ते बाईंनी विचारलं नाही. त्यांनी नुसतं "आहा" म्हटलं. जर्मन 'आहा' हे आपल्या 'असं होय'सारखं असतं. त्यात माणूस पकडला गेलेला असतो.

खरं तर मीही विचारू शकलो असतो. समोरचा मुलगा दर पंधरवड्याला हेडफोन घालून चार पायऱ्यांवर फडकं फिरवतो, तेही फक्त मधोमध, त्याला कधी बोलता का? त्याच्या केरभरणीत काय काय सापडतं? पण तो इथल्याच, जवळच्या हाइलब्रोन शहरातला. त्याच्या कोपऱ्यातला दाणा काळपट असणार, अख्खा असणार, आणि त्यावरून कुणाचं नाव निघणार नाही. माझा नारिंगी दाणा दुरून ओळखू येतो. अशा वेळी स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत हे आठवून काही फायदा होत नाही. बहिणी-बहिणींत जिना कुणी झाडायचा यावरून काय होतं ते घरोघरी माहीत आहे.

शनिवारी दुपारी मी पुन्हा सगळा जिना केला. यावेळी बादली प्रत्येक पायरीवर जरा आपटून ठेवली. दांडा कठड्याला तीनदा वाजवला. तिसऱ्या पायरीवर मुद्दाम दोन्ही पाय देऊन उभा राहिलो. फडकं पिळून पिळून बोटं आखडली. खाली पोचलो तेव्हा बाईंचं दार बोटभर उघडं होतं, ते मिटलं. एक शब्द नाही. इथे म्हणतात, शिव्या नाही घातल्या म्हणजे पुरेसं कौतुक झालं. तर ते झालं असावं.

आज पुन्हा शनिवार. पाटी आठवडाभर समोरच्या दाराला आहे. दुपारचे चार वाजून गेले, सकाळपासून बादलीचा आवाज नाही, करकर नाही, काही नाही. मी दोनदा दार उघडून पाहिलं. सहाव्या पायरीच्या कोपऱ्यात बसचं तिकीट पडलंय. बुधवारपासून.