अर्जावरचं आडनाव

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत एक पिठाची गिरणी होती. ती बंद पडली, तिचा ओटा आमच्याकडे आला. दिवाळीला संदीप पुण्याहून आला की त्या ओट्यावर रात्री अकरापर्यंत बैठक असते. तो चाकणच्या एका कारखान्यात एचआरला आहे. मी इथल्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवतो, मिलिंद मशीनच्या देखभालीची कामं घेतो, वैशाली एका पतसंस्थेत आहे. आम्ही चौघं एकाच शाळेतले.

वाद सुरू झाला तो संदीपच्या एका वाक्यावरून. "प्रायव्हेटमध्ये जातबित कोणी पाहत नाही बे. ज्याला काम येतं तो आत, नाही येत तो बाहेर."

मिलिंदने चहाचा ग्लास ओट्यावर ठेवला. "मग आडनाव काढल्यावरच मला फोन काहून आला?"

ही गोष्ट मला माहीत होती, कारण ते दोन्ही अर्ज आम्ही सायबर कॅफेत शेजारी बसून टाइप केले होते. डिप्लोमा, टक्के, आयटीआयमधलं काम, सगळं तेच. पहिल्या अर्जावर पूर्ण नाव होतं. तीन महिने काहीच उत्तर नाही. दुसऱ्या वेळी त्याने आडनावाच्या जागी वडिलांचं नाव लिहिलं आणि आठव्या दिवशी त्याच कंपनीतून बोलावणं आलं.

"एका फोनवरून काही सिद्ध होत नाही," संदीप म्हणाला. "तेव्हा जागा नसेल, नंतर निघाली असेल."

त्याचं बरोबर होतं. एका माणसाच्या अनुभवात शंकेला जागा राहतेच. तीच जागा बंद करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी जो प्रयोग केला, तो मी दरवर्षी वर्गात शिकवतो. थोरात सर आपल्याच जिल्ह्यातले, महिमापूरचे. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकरीच्या 548 जाहिरातींना त्यांनी 4808 अर्ज पाठवले. मुख्य तुलनेतल्या अर्जांत शिक्षण आणि अनुभव सारखा, फरक फक्त नावात: एक उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुसलमान. 2007 साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश. मुलाखत झालेली नव्हती, चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. तोवर समोर होता तो फक्त कागद.

संदीपही वाचणारा माणूस आहे. "दिल्लीचा दुसरा अभ्यास काहून सांगत नाहीस? 2009 चा. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून फरक दिसलाच नाही."

आहे तो अभ्यास, आणि संदीपने आठवण करून दिली ते चांगलंच झालं. पण त्याच अभ्यासात कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत ओबीसी नावांना कमी बोलावणी आली होती, एससी नावांनाही काही प्रमाणात. मला त्याचा अर्थ असा लागतो: कोड चालतो की नाही हे तपासता येतं, तिथे नावाला फारसा वाव राहत नाही. जिथे 'बोलणं कसं आहे, वळण कसं आहे' यावर निवड ठरते, तिथे आडनाव आत शिरतं. आणि आपल्या गावातल्या पोरांना ज्या नोकऱ्या मिळतात, त्यांतल्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

"माणसं वाईट नसतात रे," संदीप म्हणाला. मला ते मान्य आहे. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन हे समाजशास्त्रज्ञ दिल्ली भागातल्या 25 एचआर व्यवस्थापकांशी बोलले होते. आम्ही गुणवत्ताच पाहतो, असं ते मनापासून सांगत होते. आणि मुलाखतीत घरची पार्श्वभूमी विचारणं त्यांना तितकंच साहजिक वाटत होतं.

"ते तर मीही विचारतो. वडील काय करतात, घरी कोण आहे. पोरगा टिकेल की नाही कळतं."

"मला लग्नाचं विचारलं होतं," वैशाली म्हणाली. "पगाराच्या आधी."

मिलिंद थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मलाही विचारलं, वडील काय करतात. बाबा बाजार समितीत हमाल. पाठीवर नव्वद किलोचं पोतं घेऊन चढायचे तेव्हा. मी सांगितलं, शेती."

मिलिंदच्या घरी एक गुंठाही जमीन नाही. हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. पण तो असं बोलून आला होता हे मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. नोकरी मिळाली, पण बापाला घराबाहेर ठेवून.

कोणीच काही बोललं नाही. मग संदीपनेच सांगितलं की त्यांच्याकडे या विषयावर दिवसभराचं प्रशिक्षण झालं, जेवणासकट. मी त्याला फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांचं काम सांगितलं. अमेरिकेतल्या 708 खाजगी आस्थापनांची 1971 ते 2002 पर्यंतची आकडेवारी त्यांनी सहकाऱ्यांसोबत तपासली. व्यवस्थापक पदांवर स्त्रिया आणि कृष्णवर्णीय वाढले का, हे पाहिलं. प्रशिक्षणाचा परिणाम सगळ्यात कमी. जिथे एखाद्या माणसावर किंवा समितीवर स्पष्ट जबाबदारी टाकली, तिथे खरा फरक दिसला. म्हणजे 'यंदा कोण घेतले, कोण नाही घेतले, काहून' हे ज्याला वर जाऊन सांगावं लागतं, तो माणूस नेमा.

"मग पहिल्या चाळणीत नावच झाका," वैशाली म्हणाली.

"नाव कुठून झाकशील? आमच्याकडे निम्म्याहून जास्त जागा ओळखीनेच भरतात. सुपरवायझर त्याच्या भाच्याला आणतो, भाचा मित्राला. जाहिरात निघतच नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, त्या रात्रीचं सगळ्यात खरं वाक्य संदीपचंच होतं. थोरात सरांच्या प्रयोगाला निदान जाहिरात तरी होती.

तरीही आत गेल्यावर माणसं बदलतात, यावर माझा विश्वास आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या, 800 खेळाडूंच्या. एकाच संघात वेगवेगळ्या जातीची पोरं आली तिथे जातीबाहेरची मैत्री वाढली. जे समोरच्या संघात होते, त्यांच्याशी ती कमी झाली. नुसतं एका छपराखाली असून भागत नाही, धावा एकाच खात्यात जमा व्हाव्या लागतात.

"म्हणजे लाइनवर एकाच टीमला एकच टार्गेट," संदीप म्हणाला. "ते करता येतं. आणि मुलाखतीच्या फॉर्ममधला तो घरच्या माहितीचा रकाना काढता येतो. तो फॉर्म माझाच आहे. ओळखीच्या भरतीचं माझ्या हातात नाही."

"मग फॉर्म तर बदल," मिलिंद म्हणाला.

संदीपने मान हलवली. आम्ही ग्लास गोळा केले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर संदीप मिलिंदला म्हणाला, "काका अजून जातात बाजार समितीत?"

"नाही रे. गुडघे गेले. घरीच असतात."

"उद्या सकाळी येतो भेटायला."

"ये. फराळालाच ये."