खुलासा: कुत्रा चावला तर पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागत नाहीत

‘कुत्रा चावला की मिरचीपूड भरा, लस फक्त जिल्हा रुग्णालयात, पोटात १४ इंजेक्शनं’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि या भीतीपोटी लोक दिवस घालवतात याचं फार वाईट वाटतं.

आधी नळाच्या धारेखाली साबण लावून जखम १५ मिनिटं धुवा. घड्याळ बघूनच, कारण दोन मिनिटांतच हात आखडतो. मिरची, चुना, हळद काही नको. मग त्याच दिवशी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आपले डॉक्टर गाठा. रेबीजची लस दंडात देतात, चार-पाच वेळा, ठरलेल्या तारखांना. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजच्या विषाणूशी लगेच लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते तिथे नसेल तर कुठे मिळेल, हे लगेच विचारा. चेहऱ्याला चावा असेल तर धुऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा.