नर्स आणि फार्मासिस्टला विसरू नका

रुग्णाचे सगळे डॉक्टर एकमेकांशी बोलले तर उपचार सुधारतात आणि खर्चही आटोक्यात राहतो, हा तुमच्या लेखातला मुद्दा पटला. पण त्यात नर्स आणि फार्मासिस्टचा उल्लेख ओझरताच आला, ते मला खटकलं. खरं काम तिथेच होतं.

उदाहरण घ्या. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून हाडांचे डॉक्टर आयबुप्रोफेन लिहून देतात. तिन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र घेतली तर किडनीवर ताण येतो. वयस्कर माणसाची, त्यातही जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर, किडनी अचानक निकामीही होऊ शकते. डॉक्टर हुशारच असतात हो, पण सगळ्या चिठ्ठ्या एका नजरेखालून जातच नाहीत! म्हणून हॉस्पिटलमधून डिस्चार्ज देताना कोणीतरी, म्हणजे फार्मासिस्टने, जुनी-नवी औषधं शेजारी ठेवून ताडून पाहायलाच हवीत.

आता पैशांचं. प्रत्येक तपासणीमागे वेगळं बिल लागत असेल, तर घरी फोन करून विचारपूस करणाऱ्या नर्सचा पगार कुठून निघणार? अमेरिकेत ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २०१२ पासून वाचलेल्या खर्चातला वाटा डॉक्टरांच्या गटांना द्यायला सुरुवात केली, पण गुणवत्तेचे निकष पाळले तरच. ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती नसेल तर बचतीच्या नावाखाली गरजेच्या तपासण्यांनाच कात्री लागेल.